पांढरी वाचायची कशी: जुनी वस्ती शोधणं, खोदणं आणि तिचा अर्थ लावणं

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं कुठलंही जुनं गाव घ्या, बार्शीकडचं असो नाहीतर मंगळवेढ्याकडचं, पांढरी कुठाय म्हणून विचारलं की म्हातारी माणसं लगेच बोट दाखवतात. चारी बाजूला काळंभोर रान आणि मधेच एक राखाडी-पांढुरकं टेकाड. माळवदावर टाकायला आणि भिंती लिंपायला पिढ्यान्पिढ्या लोकांनी हीच माती नेलेली असतीय. आता ही माती पांढरी का झाली, तर शेकडो वर्षं तिथं माणसं राहिली, चुलीतली राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, चुना, हाडं असं सगळं एकावर एक साचत गेलं. दख्खनमधे काम करणारे पुरातत्त्वाचे लोक जुनी वस्ती शोधायला निघाले की आधी असलं टेकाड बघतात. म्हणजे अर्धा धडा आपल्या गावाला आधीच माहितीय, उरलेला अर्धा इथं लिहितोय.

सुरुवातीलाच एक सांगतो, पुढचं सगळं त्यावरच उभंय. खापराचा तुकडा, नाणं, मणी, काहीही असो, ते कुठल्या थरात, किती खोलीवर आणि कशाच्या शेजारी सापडलं ही माहिती हरवली की त्या वस्तूचं बोलणं जवळजवळ बंद होतं. नाणं काय नंतर पण ओळखता येतंय हो, पण ते घराच्या जमिनीखाली मुद्दाम पुरलेलं होतं का कचऱ्यात पडलेलं होतं हे परत कधीच कळत नाही. म्हणून शोधायचं आपण सगळ्यांनी, नोंद करायची सगळ्यांनी, खोदायचं मात्र परवाना असलेल्यांनीच. त्या कायद्याचं शेवटी बोलू.

रानात जायच्या आधी घरी बसून करायचं काम बरंच असतंय आणि बहुतेक जण तेच टाळतात. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ सालचं जुनं गॅझेटियर ऑनलाइन मिळतंय, त्यात गावोगावची देवळं, कोट, बाजार, जुने रस्ते यांची वर्णनं आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० मापाचे नकाशे बघा, ओढे, टेकाडं, नदीचे उतार सगळं त्यात असतं. मग गुगल अर्थ उघडायचं आणि जुन्या तारखांच्या फोटोंमधून एप्रिल-मे महिन्यातले निवडायचे, तेव्हा रानं मोकळी असतात आणि काळ्या मातीत पांढरीचा डाग वरून स्वच्छ दिसतो. ऊस उभा असताना तेच रान बघितलं तर काही म्हणजे काही दिसणार नाही. तलाठ्याकडच्या जुन्या कागदांत बेचिराख गावांची नावं सापडतात, ती तर सोडूच नका, कारण उठून गेलेल्या गावावर नवी घरं झालेली नसतात आणि खालचं बरंच शाबूत राहिलेलं असू शकतं. गढी, कोट, जुनं गावठाण असल्या नावांची शेतं, नदीच्या पुराच्या रेषेच्या जरा वरची सपाट जागा, दोन नद्यांचा संगम, हे सगळं नकाशावर खुणा करून ठेवायचं.

संगमाचं उदाहरण आपल्याच दक्षिण सोलापुरात आहे, हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीना जिथं मिळतात. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे आणि त्यात जो वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाची मराठी ओळ आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांमधे त्याची गणना होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी असे कितीतरी लेख उजेडात आणले, गावोगाव स्वतः फिरून. देऊळ लोकांना माहिती होतंच, पण तिथं थांबून दगडाकडं नीट बघणारा माणूस लागतो.

दुसरं उदाहरण तेरचं. बार्शीच्या पलीकडं, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीवर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणच्या बरोबरीनं तगर नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे, तिथून कापड भडोच बंदराला जायचं. हे तगर म्हणजे नक्की कुठलं गाव यावर बरेच तर्क लढवले गेले, शेवटी १९०१ मधे शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी ते तेर असल्याचं मांडलं. नंतर तिथल्या पांढरीतून आणि उत्खननातून सातवाहन काळातल्या, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तू निघाल्या, हस्तिदंती बाहुली निघाली, मातीच्या मूर्ती निघाल्या, रोमशी व्यापार असल्याच्या खुणा मिळाल्या. जुना ग्रंथ, गावाचं नाव आणि जमिनीतला माल या तिन्ही गोष्टी एकाच जागी जुळल्या की मग विश्वास बसतो. नुसत्या नावावरून, नुसत्या दंतकथेवरून कुठलीच साइट सिद्ध होत नाही. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आवर्जून बघा, सोलापुरातून एका दिवसात होतंय आणि खापरं ओळखायला डोळा तयार व्हायला त्याच्यासारखी जागा जवळपास दुसरी नाही.

आता रानात. वेळ निवडणं महत्त्वाचं. शाळू काढून झाला, नांगरट झाली आणि वर वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की बघा, नांगरानं वर आलेले तुकडे पाण्यानं धुऊन स्वच्छ दिसतात. शेतमालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि काय करताय ते त्याला सरळ सांगायचं, नाहीतर गुप्तधन शोधायला आलेत म्हणून गावभर होतंय. चालायचं पण सरळ ओळीत, चार-पाच जण असतील तर दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून, प्रत्येकानं आपल्या दोन्ही बाजूंचा हातभर पट्टा बघायचा. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मन मानेल तसं फिरलं की नजर चकचकीत गोष्टींवरच जाते, आणि खापरं कुठं दाट आहेत, कुठं विरळ होत गेली, कुठं संपली हे कळत नाही, तर वस्तीची हद्द त्यावरूनच ठरते. जिथं काही सापडलं नाही ते पण लिहायचं.

खापरांवर इतका जोर का, तर मातीचं भांडं फुटतं पण कुजत नाही, आणि प्रत्येक काळाची भांडी करायची पद्धत वेगळी असते. त्यातही काठाचा तुकडा सगळ्यात कामाचा, त्याच्या वळणावरून तोंड किती रुंद होतं आणि भांडं वाटी होतं का रांजण ते काढता येतं. ढोबळमानानं सांगायचं तर पातळ, पक्कं भाजलेलं, वाजवलं तर खणखणीत आवाज येणारं लाल खापर आणि त्यावर काळ्या रंगातली रेघांची नक्षी असली तर ते जोर्वे पद्धतीचं असू शकतं, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं किंवा त्याहून जुनं. आतून आणि काठाला काळं, बाहेरून खाली लाल असलं तर लोहयुग ते सातवाहन या काळाचा विचार करायचा. चकाकी दिलेलं गुळगुळीत लाल खापर सातवाहन आणि त्यानंतरच्या काळात येतं. सातवाहन विटा आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब असतात, एकदा बघितल्या की विसरत नाहीत. रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले तर बहुतेक बहमनी काळाच्या आसपास आलात. आणि भीमेच्या काठच्या खडीत नखाएवढी धारदार पाती दिसली, दुधी काचेसारख्या दगडाची, तर ती लोखंडाच्या पण आधीच्या माणसाची हत्यारं असू शकतात, तिथं पांढरी असायची गरजच नाही.

हे सगळं उचलून पिशवीत भरायचं का? नाही. जागेवरच शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपायचे, गट नंबर लिहायचा, वस्तू तिथंच ठेवायची. घरी आणून डब्यात ठेवलेली खापरं दहा वर्षांनी कुठली होती हे कुणालाच सांगता येत नाही, मग ती असून नसल्यासारखी.

आपल्या काळ्या मातीचा एक गुण इथं सांगायलाच पाहिजे. उन्हाळ्यात ती खोलवर भेगाळते, वरच्या वस्तू भेगांत पडतात, पावसात फुगून भेगा मिटतात आणि वर्षानुवर्षं हे चालतं. त्यामुळं काळ्या रानात दोन हात खाली सापडलेली वस्तू त्या खोलीचीच असेल असं नसतं. पांढरीत हे बरंच कमी होतं.

न खोदता जमिनीच्या पोटात बघायची सोय पण असतीय. ओढ्यानं कापलेला काठ, नवीन विहीर, रस्त्यासाठी फोडलेलं टेकाड, शेततळ्यासाठी जेसीबीनं घेतलेला खड्डा. अशा उभ्या कापात मातीचे थर स्पष्ट दिसतात, राखेचा पट्टा, भाजलेली लाल माती, चुन्याची जमीन, खापरांची रांग. फोटो काढताना उजेड सावलीचा घ्या, भर उन्हात थर दिसत नाहीत, आणि मोजमाप म्हणून एखादी काठी उभी ठेवा. धरणाचं पाणी उतरल्यावर पण खूप काही दिसतं, उजनीचं पाणी खाली गेलं की इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं हे सगळ्यांना माहितीय, पण त्याच वेळी काठाकाठानं धुऊन निघालेली जुनी गावठाणं पण उघडी पडलेली असतात आणि तिकडं फार कुणी बघत नाही.

वीरगळ, सतीशिळा, शिलालेख असतील तर त्यांना तेल, ऑइलपेंट, खडू, पीठ काही लावू नका, कळकळीनं सांगतोय. अक्षरं पुसट असतील तर संध्याकाळी अंधार पडल्यावर जायचं आणि टॉर्च समोरून न मारता एका बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटून धरायची. खोलगट भागात सावली पडते आणि दिवसा न दिसलेली अक्षरं वर येतात. चारी बाजूंनी असे फोटो घ्या, वाचणाऱ्याला तेवढं पुरतं.

आता प्रत्यक्ष उत्खनन कसं चालतं ते. सगळं टेकाड कुणी खोदत नाही, तेवढा पैसा पण नसतो आणि तसं करायचं पण नसतं, पुढच्या पिढीकडं आपल्यापेक्षा चांगली साधनं असणार म्हणून बराच भाग मुद्दाम राखून ठेवतात. आधी एक पक्का बिंदू ठरवतात, सगळ्या खोल्या आणि अंतरं त्यावरून मोजायची. मग टेकाडावर खुंट्या आणि दोरीनं चौकोन आखतात, साधारण ५ बाय ५ मीटरचे, आणि दोन चौकोनांच्या मधे न खोदलेली भिंत सोडतात, तिला बाल्क म्हणतात. ही पद्धत भारतात मॉर्टिमर व्हीलर यांनी रुळवली, १९४४ ते १९४८ ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. बाल्कचा उपयोग असा की खड्डा खाली गेला तरी त्याच्या उभ्या बाजूवर सगळे थर वाचायला शिल्लक राहतात. आधी एखादा खड्डा अगदी तळच्या मुरमापर्यंत नेतात, म्हणजे या जागेवर किती काळ कोण कोण राहून गेलं त्याचा क्रम कळतो, मग ज्या काळात रस आहे त्याच्यासाठी आडवं, पसरून खोदतात म्हणजे घरं, गल्ल्या, अंगण दिसतं.

टिकाव-फावडं फक्त वरच्या विस्कटलेल्या मातीला. त्यानंतर खुरपी, छोटा टिकाव, चाकू, ब्रश, घमेलं. खुरप्याखाली माती कुठं घट्ट लागतीय, कुठं मऊ, कुठं भुसभुशीत हे रानात खुरपणी केलेल्या बायकांच्या हाताला फार लवकर कळतं आणि चांगल्या उत्खननात त्यांचं ऐकतात. मातीचा रंग, घट्टपणा, आतला माल बदलला की थर बदलला, त्याला नवा नंबर. प्रत्येक थराची खापरं वेगळ्या पिशवीत आणि चिठ्ठी दोन, एक आत, एक बाहेर. बारीक मणी आणि हाडांसाठी माती चाळतात, आणि राखेची माती पाण्यात सोडतात, जळालेलं धान्य वर तरंगतं ते बारीक जाळीनं काढून घेतात. मातीची भिंत मातीतूनच सोडवणं हे सगळ्यात अवघड काम, पाण्याचा फवारा मारून, खरडून, परत बघून, कधीकधी दिवस जातो आणि हातभर पुढं सरकलेलं असतं.

थरांचा नियम सोपा, खालचं जुनं आणि वरचं नवं. भानगड होते ती खड्ड्यांमुळं. आपल्याकडचं ज्वारीचं पेव घ्या, म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. पेशवाईत कुणीतरी पांढरीवर खोल पेव खणलं, तर त्याचा तळ जाऊन सातवाहन थरात बसणार, आणि पेवातून काढलेली माती वर पसरली म्हणजे सातवाहन खापरं पेशवाईच्या जमिनीवर येणार. म्हणून पेव किती खोल गेलंय त्यावर त्याचा काळ ठरत नाही, ते कुठल्या पातळीवरून खणायला सुरुवात केली ते शोधायचं, आणि त्याच्या आतली माती आधी वेगळी काढायची, मगच भोवतालच्या थराला हात लावायचा. उंदराची बिळं तशीच. एक ताळा सांगतो, सातवाहन थरात शेंगाचं टरफल किंवा मिरचीचं बी निघालं तर लगेच बीळ शोधा, कारण दोन्ही पिकं अमेरिकेतून आली, पोर्तुगीज भारतात आल्यानंतर. चिलमीचं पण तसंच, तंबाखू दख्खनमधे आली १६०० च्या आसपास, अकबराचा माणूस असद बेग यानं ती विजापुरात बघून दरबारात नेली होती, त्यामुळं तंबाखूच्या चिलमी ज्या थरात आहेत तो थर त्याच्या आधीचा असू शकत नाही.

नाण्यानं पण असंच सांगता येतं, थर अमुक काळाच्या आधीचा नाही एवढंच. शिवराई सापडली म्हणून घर शिवकाळातलं असं म्हणणारे खूप भेटतात, पण शिवराया पेशवाईत पण पाडल्या गेल्या आणि इंग्रज आल्यावरही बाजारात चालत होत्या. नाण्यावरचा छाप आणि ते जमिनीत पडल्याचं वर्ष यात शंभर-दीडशे वर्षांचा फरक सहज पडतो.

जुन्या वस्तूचा काळ मोजायचं कार्बन-१४ चं तंत्र विलर्ड लिबी यांनी १९४९ मधे पुढं आणलं, त्यासाठी १९६० चं नोबेल मिळालं. जिवंत असताना झाड किंवा प्राणी हवेतला कार्बन घेत असतो, मेल्यावर आतला कार्बन-१४ कमी होत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. उरलेला मोजायचा आणि काळ काढायचा, साधारण ५०,००० वर्षांपर्यंत. पण नमुना काय घेतला ते बघा. जुन्या वाड्याची सागवानी तुळई काढून नव्या घराला लावायची आपल्याकडं रीतच आहे, असल्या तुळईचा कोळसा मोजला तर झाडाचं वय मिळणार, घराचं नाही. जळालेली ज्वारी, गहू, हरभरा असेल तर तो एका हंगामाचा असतो, त्याची तारीख जास्त भरवशाची.

अर्थ लावण्याचं सगळ्यात सुंदर काम महाराष्ट्रात झालं ते इनामगावला, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, आणि घोडचं पाणी भीमेतून आपल्याकडंच येतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी १९६८ पासून पुढं बरीच वर्षं आडवं उत्खनन केलं, शंभराहून जास्त घरं उघडी केली. इ.स.पू. १६०० ते ७०० असा वस्तीचा काळ. मधल्या काळात चौकोनी घरं, गहू, जव, पाण्यासाठी पाट आणि बांध. शेवटच्या काळात त्याच जागी लहान गोल झोपड्या आणि शिकारीवर जास्त भर. भांड्यांची नुसती यादी केली असती तर हे कळलं नसतं, घरांचे आकार, धान्य, हाडं असं सगळं शेजारी ठेवल्यावर पाऊस कमी होऊन शेती ढासळली असावी हा निष्कर्ष निघाला. घरातल्याच जमिनीखाली लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेलं, मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरलेले. एक मोठं पाच खोल्यांचं घर धान्याच्या कोठाराजवळ, आणि तिथंच चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस. तो गावचा प्रमुख असावा असं उत्खनकांनी मांडलं. मला त्यांची पद्धत आवडते ती यासाठी की रांजण, घर आणि कोठार तिन्ही एकमेकांच्या संदर्भात वाचले. आणि पाय का तोडले, मेलेला परत येऊ नये म्हणून का आणखी कशासाठी, तिथं मात्र अंदाज हा अंदाज म्हणूनच ठेवायचा. काय दिसलं आणि आपल्याला काय वाटलं हे वहीत दोन वेगळ्या बाजूंना लिहायची सवय लावा.

कायद्याचं. पुरातत्त्वीय जागेवर उत्खनन करायला १९५८ च्या कायद्याखाली केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो आणि तो विद्यापीठं, संशोधन संस्था, सरकारी खाती यांनाच मिळतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरते, देशाबाहेर नेता येत नाही, परवान्याशिवाय धंदा करता येत नाही. जमिनीत पुरलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवला तर गुन्हा. गुप्तधनाच्या नादानं रातोरात पांढरी फोडणारे आणि ट्रॅक्टरनं माती विकणारे, दोघांनीही आपल्या भागाचं जे नुकसान केलंय ते भरून येण्यासारखं नाही.

शिकायचं असेल तर सोलापूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्वाचा विभाग आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, उत्खनन किंवा सर्वेक्षण असेल तेव्हा मदतीला येऊ का म्हणून विचारायला लाजू नका. आणि विहीर खणताना, पाया घेताना काही लागलं तर काम तेवढ्या कोपऱ्यात थांबवा, वस्तू ओढून काढू नका, धुऊ नका, घासू नका. फोटो घ्या, खोली मोजा, वरून माती किंवा पोतं टाकून झाका आणि तहसीलदारांना लेखी अर्ज द्या. अर्जात गाव, गट नंबर, तारीख, किती फुटांवर लागलं, मातीचा रंग कसा होता, शेजारी राख, विटा, हाडं काय होतं ते लिहा आणि पोच घ्या. अर्जाची एक प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाला आणि एक विद्यापीठाच्या विभागाला पाठवा, म्हणजे बघायला माणूस लवकर येईल.